प्रतापगड, व्हाया गोंदिया

वीकेंडला प्रतापगड केला, असं ऑफिसात सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘महाबळेश्वरला राहिलात का?’ मी म्हणते, नाही, नवेगावबांधला. मग समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो! पुण्याच्या ट्रेकर मंडळींच्या डोक्यात राजगड, हरिश्चंद्रगड, अगदी साल्हेरसुद्धा असतो. पण नागपूरच्या पुढे महाराष्ट्र आणखी दीडेकशे किलोमीटर पसरलाय आणि तिथंही लोक गड चढतात, ही बऱ्याच जणांसाठी ब्रेकिंग न्यूज असते.

तर मंडळी, प्रतापगड दोन आहेत. एक जावळीतला, शिवरायांनी १६५६ च्या सुमारास उभारलेला, अफझलखान प्रकरणामुळे पोराटोरांना पाठ असलेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले, त्यात तोही आहे. त्याबद्दल आनंदच आहे. दुसरा गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला, गोंडकाळातला मानला जाणारा. याच्या नावाचे टी-शर्ट निघत नाहीत.

मी या दुसऱ्याच्या बाजूची. बाबांचं गाव तिथून जवळ. लहानपणी ते बैलगाडीत बसून महाशिवरात्रीच्या जत्रेला जायचे आणि नंतर नोकरीसाठी गोंदियाला आले तरी जत्रा चुकवली नाही. यंदा मात्र फेब्रुवारीत गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. जानेवारीत फोनवर म्हणाले, ‘येतेस का? एकदा गड दाखवून देतो, मग डॉक्टर काय करायचं ते करो.’ असं म्हटल्यावर काय करणार? महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. कोल्हापूर ते गोंदिया धावणारी ही गाडी राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. पुण्यात बसलं की जवळपास एक अख्खा दिवस आपण महाराष्ट्रातच असतो. पुस्तक, पॉवर बँक आणि पेशन्स, तिन्ही सोबत ठेवा.

गोंदियाहून गोरेगाव, मग कोहमारा. तिथं तर्री-पोहे. (नागपूरच्या बाहेरही ते चांगले मिळतात, नागपूरकरांनी राग मानू नये.) पुढे रस्ता जंगलात शिरतो. धान निघून गेलेलं असतं आणि त्याच बांध्यांत ओलाव्यावर लाखोळी हिरवीगार उभी असते. सह्याद्रीतल्यासारखं लांबून कडा दिसला, बुरूज दिसला, असं इथं होत नाही. मोह, तेंदू, सागाच्या मागे अचानक एक डोंगर उभा राहतो. बाबा म्हणतात, ‘हा आला.’ आपण म्हणतो, ‘कुठे?’

वर जायला वाट आहे आणि ती भाविकांनी मळलेली आहे. इथं महादेव आहे, आणि याच डोंगराच्या परिसरात दर्गाही आहे. महाशिवरात्रीला दोन्हीकडे माणसं जातात. गावोगावचे ‘पोहे’ त्रिशूळ घेऊन, गाणी म्हणत, पायी येतात. हे पोहे म्हणजे कांदापोहे नव्हेत बरं, महादेवाला निघालेला जथा म्हणजे पोहा! जानेवारीत मात्र शुकशुकाट. नारळ-अगरबत्ती विकणाऱ्या एका आजींनी माझ्या ट्रेकिंग शूजकडे नीट बघून घेतलं आणि बाबांना विचारलं, ‘दगडं पाहाले पुन्यावरून आनलं का जी पोरीले?’

खरं सांगायचं तर आजींचा मुद्दा बिनतोड होता. दगडंच होती. सिंहगडासारखा दरवाजा, राजगडासारखी माची असलं काही मनात धरून गेलात तर निराश व्हाल. तटाचे अवशेष आहेत, पण ते मुळांत आणि पाचोळ्यात इतके मिसळलेत की नुसतं बघून कळत नाही. बाबांना कळतं. दर वीस पावलांवर थांबून, गुडघा चोळत, ते काठीने दाखवत होते. ही रेघ तटाची. हा दगड घडवलेला, तो आपोआप पडलेला. ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ म्हटलं, तर म्हणाले, आजोबांनी. आणि आजोबांना? ‘त्यांनी विचारलं नसेल,’ ते म्हणाले आणि हसले.

मी फोन काढून व्हिडिओ सुरू केला. सेल्फीसाठी नाही. बाबांच्या काठीचं टोक दिसावं म्हणून.

आमच्या टीममधला एक मित्र गेल्या वर्षी जपानहून आला तो एक वही घेऊन. तिथल्या किल्ल्यांच्या संस्थेने २००६ साली देशातल्या शंभर किल्ल्यांची यादी केली. प्रत्येक ठिकाणी एक शिक्का ठेवलाय. आपण जायचं, वहीत तो उमटवायचा. लोक त्यासाठी सुट्ट्या काढतात म्हणे! मला गंमत वाटली ती वेगळीच. शंभरात नुसते पांढरेशुभ्र उंच वाडे नाहीत. ओदा नोबुनागाचा आझुची किल्ला १५७९ मध्ये पुरा झाला आणि १५८२ मध्ये जळाला. आज तिथं दगडी पायऱ्या आणि जोती उरलीत. पण शिक्का आहे. पडक्या जागेलाही नंबर आहे, म्हणजे ती ‘बघितली’ असं म्हणता येतं. आमच्या प्रतापगडावर शिक्का नाही, फक्त बाबा आहेत.

आणि इकडे ‘गड’ या शब्दाला भिंतीच लागतात असंही नाही. सालेकसा तालुक्यातलं कचारगड घ्या. नावात गड, प्रत्यक्षात डोंगरातली प्रचंड गुहा. गोंड समाजाचं ते श्रद्धास्थान, माघ पौर्णिमेला तिथं अनेक राज्यांतून लोक लोटतात. तिथं कुणी बुरूज शोधत नाही.

उतरल्यावर बाबांनी गाडी नवेगावबांधला घ्यायला लावली. मला वाटलं पक्षी बघायला. मारुती चितमपल्ली इथं वनाधिकारी होते, त्यामुळे मराठी वाचकाला हा तलाव न बघताही ओळखीचा. पण बाबांचा रोख पाळीवर होता. ‘किल्ला बघायचा ना? हा बघ.’ हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. भोवतीच्या टेकड्या त्या सातबहिणी, त्यांच्यामधल्या फटी मातीने बांधून पाणी अडवलं. लोकांनी पुढे कोलू पाटलांचा देव केला, कोलासूर. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळायची. त्यातून कोहळ्यांनी या भागात इतके तलाव आणि बोड्या केल्या की आजही इथलं धान त्यांच्या जिवावर उभं आहे. ज्या राजवटीची तटबंदी मुळांनी गिळली, तिच्या काळातली पाळ अजून पाणी धरते. पुण्यात बसून मी किल्ल्यांची उंची मोजत होते, इथं पाण्याची खोली मोजायला हवी होती.

भिंतीच बघायच्या असतील तर थोडं फिरावं लागतं. तुमसरजवळचा आंबागड १७०० च्या आसपास देवगडच्या बख्त बुलंदचा सुभेदार राजाखान पठाण याने बांधला. नागपूरकर भोसल्यांनी पुढे त्याचा तुरुंग केला. तो चढायला सोपा आणि फोटोला उत्तम. दुसरा लांजीचा, हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात. आमगाववरून जाता येतं.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या नादी लागू नका, विदर्भाचं ऊन ट्रेकर बघून कमी होत नाही. मुक्कामाला नवेगावबांध बरं. गोंदियाहून बल्लारशहाच्या लाइनवर अर्जुनीला उतरूनही पोहोचता येतं, पण गाड्या मोजक्या, वेळ आधी बघा. नशीब असेल तर जिल्ह्यातल्या एखाद्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसेल. महाराष्ट्रात ते इथं आणि भंडाऱ्याकडेच उरलेत. पाणी, टोपी आणि गावातला एक म्हातारा माणूस सोबत असू द्या. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

माझ्याकडे बेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ आहे. आवाज वाऱ्याने फाटलाय, पण काठी दिसते. ऑपरेशननंतर लांजी करायची ठरलीय. तिथं मात्र अगदी दारापर्यंत गाडी नेशील, असं बाबांनी आत्ताच वदवून घेतलंय.