जुनी वाळू

आम्ही दोघेही साहित्य शिकवतो, आणि या प्रकरणातला पहिला दोष तोच. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आमच्या शेजारी एक वयोवृद्ध सिंधी गृहस्थ राहत. सगळी इमारत त्यांना दादा म्हणे. त्यांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी होती. दादा पाच वर्षांचे असताना कराचीहून बोटीने मुंबईस आले, तेथून कल्याणच्या लष्करी छावणीत. त्याच छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. कराचीचा समुद्र सुटलेला माणूस काचेत समुद्र राखतो, असा अर्थ आम्ही पहिल्याच भेटीत लावून टाकला. दादांनी तो हसण्यावारी नेला. ‘फाइंडिंग निमो’ पाहून नातवाने हट्ट धरला होता, इतकेच. नातू पुढे दुबईस गेला. क्लाउनफिशची जोडी राहिली. त्या चित्रपटावर दादांचा एकच आक्षेप होता. या माशांत मोठी असते ती मादी. ती गेली की नर वाढू लागतो आणि मादी होतो. “निमोची आई मेली, मग बापानेच आई व्हायला हवे होते,” असे ते गंभीरपणे म्हणत.

मे २०२१ मध्ये शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. पुढे आमच्याही इमारतीवर ‘धोकादायक’ अशी पाटी लागली. दादा पुण्यास लेकीकडे निघाले, आम्ही बदलापूरला. मासे आमच्या वाट्याला आले. जुन्या टाकीचे सांधे प्रवास सोसणार नाहीत म्हणून नवी टाकी घेतली.

आदल्याच वर्षी मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली हलवल्या होत्या. त्या बातमीवरून ‘विस्थापन’ या शब्दावर आम्ही वर्गात तासभर बोललो होतो. दादांकडे तसले कठीण प्रवाळ नव्हते. २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे. त्यांच्या दगडांवर होते मऊ, छत्रीसारखे ‘मशरूम’.

“पाणी फेका, वाळू फेका,” दादांनी बजावले, “दगड मात्र सुकू देऊ नका.” कारण टाकीचा प्राण पाण्यात नसतो. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वस्ती करून असतात. पाणी नवे चालते: आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ, विशिष्ट गुरुत्व १.०२५, आदल्या दिवशीच ढवळून ठेवलेले.

झाकणाच्या बादल्या, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, एक टेंपो. अंबरनाथमध्ये पाऊण तास अडकलो. १०६० सालचे शिवमंदिर इथून जवळच, असे एरवी आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. त्या दिवशी एकजण पंपाचा आवाज ऐकत होता, दुसरी बादलीत हात घालून पाण्याची ऊब पाहत होती.

वाळू मात्र आम्ही फेकली नाही. तेरा वर्षे मुरलेली वाळू! तिच्यात केवढा काळ साठला असेल, असले काहीतरी आमच्या मनात आले. साठला होता तो गाळ. हवा न पोहोचणाऱ्या तळच्या थरात वर्षानुवर्षे कुजलेले सारे उपसताना ढवळले गेले. सडक्या अंड्यांचा वास आला, तरीही ती नव्या टाकीत ओतलीच. दुसऱ्या दिवशी अमोनियाच्या चाचणीतले पाणी हिरवे झाले. निम्मे पाणी बदलले, रात्री पुन्हा बदलले. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठी दगडाआड आडवी पडली होती. मग वाळू काढली, धाकटा वाचला.

दादांचा फोन दर रविवारी येई. “सगळे ठीक,” असे आम्ही पाच महिने सांगत राहिलो. मशरूम पसरले, काच स्वच्छ आहे, पंप नवा बसवला. एका रविवारी बोलता बोलता तोंडून निघून गेले, “दादा, धाकटा आता चांगला मोठा दिसू लागलाय.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, “मिठाचे माप किती येते आहे?”

“१.०२५,” आम्ही म्हणालो.

“वाळू फेकली होती ना?”