टिचकी

बास मासा गळाला लागतो तेव्हा पुष्कळदा झटका बसतच नाही. रबरी किडा तळावरून हळूहळू सरकत असतो आणि दोरीतून बोटापर्यंत एक टिचकी येते. कपाच्या कडेवर कुणी नखानं टक् करावं, एवढीच. बास तोंड एकदम उघडतो, पाण्यासकट आमिष आत ओढतो आणि खोटं आहे असं वाटलं की तितक्याच सहज थुंकून टाकतो. मधला वेळ एका श्वासाचा. त्या श्वासात आपलं लक्ष बोटात असलं तरच मासा आपला.

गेल्या हंगामात अशा किती टिचक्या माझ्याकडून निसटल्या, हे सांगता येणार नाही. पण त्या का निसटल्या, ते आता उमगलं आहे.

मी अलाबामातल्या हंट्सविलला राहतो. इथून तासाभराच्या अंतरावर टेनेसी नदीवरचं गंटर्सविल सरोवर आहे. धरण १९३९ सालचं, पाणी सुमारे ६९ हजार एकर. उथळ भागांत हायड्रिला आणि मिलफॉइल या पाणवनस्पतींची दाट रानं, आणि त्यांच्या आडोशाला बास. आमच्या मासेमारी क्लबच्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर सहा स्पर्धा होतात. उजाडताच निघायचं, दुपारी तीनला परतायचं. सर्वांत जड पाच मासे होडीतल्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायचे. १५ इंचांपेक्षा लहान असेल तो तिथंच सोडायचा. वजन झालं की सगळे परत सरोवरात. मासा मेला तर वजन कापलं जातं. पकडलेला मासा जिवंत सोडण्याची ही रीत स्पर्धा-संयोजक रे स्कॉट यांनी १९७२ पासून स्पर्धांमध्ये रुजवली, आणि या खेळातली मला सर्वांत प्रिय गोष्ट तीच आहे.

फेब्रुवारीत स्पर्धेच्या आदल्या रात्री थंडीची लाट येऊन गेली. सकाळी आभाळ निळंशार, वारा उत्तरेचा. अशा हवेत बास तळाशी चिकटून बसतो, नाकासमोरून आमिष गेलं तरी हलत नाही. टाकी रिकामी. मार्चमध्ये एक मासा. एप्रिलमध्ये पाणी १८ अंशांवर गेलं, मासे अंडी घालायला किनाऱ्यालगत आले, सगळ्यांच्या टाक्या भरल्या. मलाही मोठा लागला, सहा पौंडांच्या घरातला. होडीपासून हातभर अंतरावर दोरी तुटली. जूनमध्ये मी खोल पाण्यातल्या कड्यांवर भिस्त ठेवली. धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की सरोवरात प्रवाह तयार होतो, बास कड्यावर प्रवाहाकडे तोंड करून रांगेत उभे राहतात आणि वाहत येणारे शॅड मासे टिपतात. त्या दिवशी पाणी सोडलंच नाही. सरोवर काचेसारखं निवांत, आणि मासे पांगलेले.

चार स्पर्धांत मिळून तीन मासे. जुलैच्या पाचव्या स्पर्धेत दुपारी बारानंतर मी नुसता हात हलवत होतो. फेकत होतो, गुंडाळत होतो, मनात घरी जायची वेळ मोजत होतो. तेवढ्यात दोरी बाजूला सरकताना दिसली. रॉड उचलला तेव्हा गळ मोकळा होता. मासा येऊन गेला होता, आणि मला कळलंच नव्हतं.

त्या रात्री आजोबा आठवले. चिपळूणजवळ गोवळकोटच्या धक्क्यावर ते मला वाशिष्ठीच्या खाडीत गरवायला न्यायचे. रॉड नव्हता, दोरी तर्जनीवरून सोडलेली, टोकाला गरी. ओहोटी लागली की ते बोलणं बंद करायचे. तासभर काही लागलं नाही की मी विचारायचो, "आजोबा, मासा आहे का तिथं?" ते म्हणायचे, "आहे असंच समजून दोरी धर रे. नाही म्हणून धरलीस तर आलेला कळायचा नाही."

लहानपणी मला ती समजूत वाटायची. ती मुळात दोरी धरण्याची पद्धत होती. निराशा आधी बोटांत उतरते. दोरी सैल राहते, फेक दोन हात आखूड पडते, नजर घड्याळाकडे जाते. एप्रिलमधला मासा असाच गेला होता. सकाळपासून दगडांवर घासून दोरीला चरे पडले होते. बोटं फिरवली असती तर खरखर लागली असती. पण काही लागतच नाही, मग कशाला, असं म्हणून मी ते टाळलं होतं.

मग दोनच नियम केले. दर अर्ध्या तासानं दोरी बोटांतून चाचपायची आणि खरखर लागली की वीतभर कापून गाठ नव्यानं मारायची. आणि मासा मिळो न मिळो, वहीत पाण्याबद्दल एक ओळ लिहायची: तापमान, वारा, शॅड कुठं उसळले. पूर्वी वाईट दिवसापुढं मी "काही नाही" एवढंच लिहायचो. सरोवरानं दिवसभर दाखवलेलं सगळं त्या दोन शब्दांत बुडून जायचं.

याच गंटर्सविलवर १९७६ मध्ये रिक क्लन यांनी बासमास्टर क्लासिक ही बास मासेमारीतली मोठी व्यावसायिक स्पर्धा पहिल्यांदा जिंकली. पुढे आणखी तीनदा. आणि फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीवर २०१६ मध्ये ६९व्या वर्षी, मग २०१९ मध्ये ७२व्या वर्षी, त्यांनी बासमास्टरच्या एलिट मालिकेतली स्पर्धा जिंकली. त्यांच्या एवढ्या मोठ्या कारकिर्दीतही न जिंकलेल्या स्पर्धा जिंकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्या दिवसांतही त्यांनी दोरी कशी धरली असेल, याचा मी बराच विचार केला.

ऑक्टोबरमध्ये पाणवनस्पतींची पृष्ठभागावर जाड चटई झालेली असते. तिच्यावरून पोकळ रबरी बेडूक सरपटवायचा; बास खालून चटई फोडून येतो. पहिला आला तो स्फोटासारखा. मी दचकून रॉड ओढला आणि बेडूक रिकामाच माझ्याकडे उडत आला. मागं बसलेले माझे जोडीदार, निवृत्त गृहस्थ, हळूच म्हणाले, "वजन हाताला लागेपर्यंत थांब." कोरड्या हंगामानं हात हावरा झाला होता. हरवलेली आशा टिचकी चुकवते, तशी घाई झालेली आशा मासा निसटवते.

तासाभरानं पुन्हा पाणी फुटलं. मी थांबलो. दोरी ताठ झाली, वजन बोटांत आलं, मग ओढलं. चार पौंडांचा होता. दुपारपर्यंत आणखी एक मिळाला. दोन मासे, क्रमांक तळाकडचाच. वजन झाल्यावर मोठ्याला खालच्या ओठाला धरून पाण्यात ठेवलं. क्षणभर कल्ले हलले आणि तो हिरव्या अंधारात गेला.

होडी ट्रेलरवर चढली. सवयीनं दोरी चाचपली. टोकाला खरखर लागली. हंगाम संपला होता, पुढची स्पर्धा फेब्रुवारीत. मी वीतभर दोरी कापली आणि गाठ नव्यानं मारली.