जिथे सूर्य मावळत नाही, तिथला रोजा

नॉर्वेच्या उत्तरेला, ध्रुवापासून हजार-बाराशे किलोमीटरवर, स्पिट्सबर्गन नावाचे बेट आहे. १५९६ साली डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्झने टोकदार डोंगरांवरून त्याला हे नाव दिले. बेटावर शेत नाही, सावली देणारे झाड नाही. बरीचशी जमीन हिमनद्यांखाली. इथल्या न्यू-ऑलेसुंद वस्तीत उन्हाळ्यात सुमारे चार महिने सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात जवळपास तितकेच दिवस उगवत नाही.

कळमेश्वरच्या वर्गात आम्ही हे सांगितले की एखादा हात वर होतोच : "मग तिथे रोजा कधी सोडायचा?"

घरी असे विचारले तर काही मुलांना गप्प बसवले जाते. दीनच्या गोष्टींना फाटे फोडू नयेत, असे वडीलधाऱ्यांना वाटते. पण दज्जालच्या काळात एक दिवस वर्षाएवढा असेल, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले, तेव्हा सहाबांनीही विचारलेच होते, की त्या दिवशी एकाच दिवसाची नमाज पुरेल का? प्रेषित (स.) रागावले नाहीत. वेळेचा अंदाज बांधून नमाज अदा करा, असे त्यांनी समजावले. सहीह मुस्लिममधल्या याच हदीसच्या आधारे उलेमा ध्रुवप्रदेशात जवळच्या, दिवस-रात्र होणाऱ्या ठिकाणाची वेळ धरायला सांगतात. काही जण मक्केची.

न्यू-ऑलेसुंद पूर्वी कोळसा खाणीचे गाव होते. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी तिथल्या स्फोटात २१ कामगार दगावले आणि पुढच्या वर्षी खाण बंद पडली. शेजारच्या सावनेर तालुक्यात खाणी असल्याने आमच्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आज त्या वस्तीत अनेक देशांची संशोधन केंद्रे आहेत. २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' आहे. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ते चालवते. डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ हिवाळ्याच्या काळोखातही तिथे मुक्काम करू लागले. तिथल्या वितळत्या बर्फाचा आपल्या पावसाशी काय संबंध, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे. म्हणजे आपल्या संत्र्याच्या बागांचा आणि कपाशीचाच प्रश्न.

उद्या तिथे जाणाऱ्यांत आपल्या घरातली मुलगीही असू शकते. त्यासाठी आज तिला प्रश्न विचारायची मुभा हवी. उत्तर ठाऊक नसेल तर "चल, मिळून शोधू" एवढेच म्हणा. पुढचे आम्ही शाळेत पाहून घेऊ.