स्वतःचं किती, वडिलोपार्जित किती?

'प्रॉपर्टी' आणि 'इनहेरिटन्स' हे शब्द एकत्र आले की आपल्याला सातबारा आणि भाऊबंदकी आठवते. पण प्रोग्रामरच्या रोजच्या कामातही हेच दोन शब्द असतात. आणि गंमत म्हणजे तिथेही प्रश्न तोच... हे स्वतःचं, की वाडवडिलांकडून आलेलं?

जावास्क्रिप्टचंच घ्या. १९९५ साली ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये अवघ्या १० दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. वारशाची कल्पना त्याने 'सेल्फ' नावाच्या भाषेतून घेतली. इथे ऑब्जेक्टच्या मागे एक पूर्वज असतो, त्याला 'प्रोटोटाइप' म्हणतात. ऑब्जेक्टकडे एखादी प्रॉपर्टी मागितली की ते आधी स्वतःकडे शोधतं, नसेल तर पूर्वजाकडे, मग त्याच्या पूर्वजाकडे, असं करत थेट मूळपुरुषापर्यंत. तिथेही नसेल तर उत्तर येतं 'अनडिफाइन्ड'.

मागणाऱ्याला मात्र या शोधाशोधीचा पत्ताही लागत नाही. 'इन' वापरून विचारलं तर स्वतःचं असो की वारशाचं, उत्तर एकच, 'आहे'. नेमकं बघायचं तर 'हॅजओनप्रॉपर्टी' विचारावं लागतं. २०२२ च्या आवृत्तीपासून त्यासाठी 'ऑब्जेक्ट.हॅजओन' हा जास्त सरळ मार्गही आहे.

नातेवाईक मंडळी नेहमी 'इन' वापरतात असं माझं मत आहे. "अगदी बापावर गेलाय!" झालं, निकाल लागला.

या भाषेतला वारसा म्हणजे काढून दिलेली झेरॉक्स नव्हे. धागा जिवंत असतो. पूर्वजात आज बदल केला की लेकरांची उत्तरं आजच बदलतात. लेकराने त्याच नावाची स्वतःची प्रॉपर्टी केली तर पूर्वजाची फक्त झाकली जाते, पुसली जात नाही. स्वतःची 'डिलीट' केली की पूर्वजाची पुन्हा दिसू लागते!

इथे मी दर वेळी थोडा थांबतो. आमचे बाबा दुखावले गेले की अबोला धरायचे. दोन दोन दिवस. मी बोलायला शिकलो, ते अगदी स्वकष्टार्जित. पण फार थकलेल्या दिवशी ते शिकलेलं गळून पडतं आणि खालचा अबोला तसाच्या तसा वर येतो. तो कधी गेलेलाच नसतो. समोर लेक बसलेली असते, माझ्या तोंडाकडे बघत. साखळीत आता तिच्यामागे मी आहे.

मग पूर्वज नकोच म्हटलं तर? तीही सोय आहे. 'ऑब्जेक्ट.क्रिएट(नल)' लिहिलं की मागे कुणीच नसलेलं ऑब्जेक्ट मिळतं. एकदम स्वच्छ, कुणाचं देणं नाही. पण त्याला म्हणावं, स्वतःला शब्दांत सांग, तर एरर येते. कारण 'टूस्ट्रिंग' हे साधं कामसुद्धा त्याला मूळपुरुषाकडूनच मिळणार असतं.

बाबांचा अबोला आला, तशा त्यांनी झोपताना सांगितलेल्या गोष्टीही आल्याच की. त्या मी लेकीला सांगतो, आणि सांगताना आवाज त्यांचाच लागतो.

असो. काका, आत्या, पुढच्या वेळी "बापावर गेलाय" म्हणाल तेव्हा मी एवढंच विचारीन... कुठल्या प्रॉपर्टीत?