हाताचा दोष नव्हे

बारावीनंतर मी एका एमएस-सीआयटी केंद्रावर शिकवायला लागले, तेव्हा तो अभ्यासक्रम अजून नवाच होता. एमकेसीएलने 2001 साली तो आणला, सरकारी नोकरीला तो लागू लागला, आणि बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या गावांतून दुकानांच्या गाळ्यांत संगणक मांडले गेले. सकाळी कॉलेजची पोरं यायची. संध्याकाळी शाळा सुटल्यावर शिक्षक यायचे, ग्रामसेवक यायचे. पन्नाशीला टेकलेली, आयुष्यभर खडू आणि शाईत वावरलेली माणसं. त्यांना सगळ्यात आधी अडवायचा तो माउस.

ते माउस बॉलचे होते. पोटात रबर चढवलेला जड पोलादी गोळा, त्याला टेकलेले दोन रोलर, एक आडवी हालचाल मोजणारा आणि एक उभी. रोलरच्या टोकाला बारीक खाचांची चकती. खाचांतून आरपार जाणारा, डोळ्याला न दिसणारा उजेड किती वेळा तुटला, त्यावर कर्सर किती सरकणार हे ठरायचं. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये घडवलेल्या पहिल्या लाकडी माउसलाही काटकोनात बसवलेली अशीच दोन चाकं होती, फक्त ती थेट टेबलावर फिरायची.

आमच्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची धूळ उठते आणि कारखान्यात जळणाऱ्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काळी काजळी वाळवणावर, दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसते. तीच माउसपॅडवर बसायची. घामट तळव्याची ओल, धूळ, काजळी असं सगळं बॉल उचलून आत न्यायचा आणि रोलरवर त्याची घट्ट वळी जमायची. मग कर्सर आडवा नीट जाई, पण वर जायला अडे. मध्येच उडी मारून कोपऱ्यात जाऊन बसे. कोणत्या दिशेला अडतो ते पाहिलं की कोणता रोलर माखलाय ते कळायचं.

एक प्राथमिक शाळेतल्या बाई होत्या. फळ्यावरचं त्यांचं अक्षर छापल्यासारखं. चित्र काढायच्या धड्याला त्यांची रेघ सारखी तुटत होती. हात मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या हातालाच वळण नाही बघ. आता या वयात काय येणार?" मी माउस उलटा केला, तळाची चकती फिरवून बॉल बाहेर काढला आणि रोलरवरची वळी नखाने सोलून त्यांच्यासमोर कागदावर ठेवली. बॉल पुसून आत टाकला. रेघ सरळ आली. बाई कितीतरी वेळ ती काळी वळीच बघत होत्या. पुढे वर्ग सुरू होण्याआधी आपल्या रांगेतले सगळे माउस त्याच साफ करून ठेवायच्या.

मला तेव्हापासून हे फार लागून राहिलं आहे. ज्याला यंत्र येतं तो बिघाड झाला की यंत्राला बोल लावतो. ज्याला अजून येत नाही तो स्वतःला लावतो, आणि गप्प बसतो. शिकवणाऱ्याने म्हणून आधी माउस बघायचा.

पुढे बारामतीत एका पतसंस्थेत लागले, तोवर लाल दिव्याचे ऑप्टिकल माउस आले होते. त्यांत बॉल नाही, रोलर नाही. तळाचा कॅमेरा टेबलाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रं टिपतो आणि एका चित्रातला खरखरीतपणा दुसऱ्यात किती सरकला ते ताडतो. पण आपल्या कचेऱ्यांत टेबलावर काच असते आणि काचेखाली देवाचा फोटो नि कॅलेंडर. गुळगुळीत काचेवर कॅमेऱ्याला धरायला काहीच सापडत नाही. वर्तमानपत्राची घडी खाली सरकवली की काम होई. तरी कर्सर थरथरत राहिला, तर तळाच्या भोकात अडकलेला एखादा केस शोधायचा.

लग्नानंतर इंदापुरात एका महा ई-सेवा केंद्रात बसू लागले. तिथला त्रास वेगळा: एकदा दाबलं की दोनदा लागायचं. बटणाखालच्या चिमुकल्या स्विचमधली धातूची पट्टी झिजली, तिच्यावर गंज धरला, की ती टेकताना थरथरते आणि संगणक एका दाबाचे दोन धरतो. जुलैअखेर पीक विम्याच्या अर्जांना रांग लागलेली असते. शेतकरी रोज बुडवून उभा असतो आणि गट नंबर निवडता निवडता पान पुढे निघून जातं. अशा वेळी समोरच्या माणसाला "तुमच्याच कागदात काहीतरी आहे" असं म्हणणं सोपं असतं, आणि ते मला पाप वाटतं. माउस काही शे रुपयांत मिळतो. प्रत्येक केंद्राच्या खणात एक जादा असलाच पाहिजे.

आता माझे वडील, आण्णा, सत्तरीचे आहेत. नातवाच्या लॅपटॉपवर बाजारभाव बघतात. यंदा उन्हाळ्यात फोन आला, "बाई, बाण नुसता नाचतोय. माझा हात कापायला लागला की काय?" मी विचारलं, चार्जर लावलाय का? काढल्यावर बाण जागेवर आला. टचपॅड बोटाची अगदी सूक्ष्म विद्युतधारिता जोखतं. चार्जरला अर्थिंग मिळालं नाही तर गळतीचा करंट त्या मापात घोळ घालतो, आणि कधी लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला तर मुंग्याही येतात. एवढं सांगितल्यावर पुढचं त्यांनीच ओळखलं. विहिरीच्या मोटरी सांभाळण्यात त्यांचा जन्म गेलेला. घरामागचा अर्थिंगचा खड्डा मार्चपासून कोरडा पडला होता, भोवतीची काळी जमीन भेगाळली होती. त्यांनी मीठ-कोळसा भरला, बादल्या ओतल्या, बोर्डातली तिसरी पिन वायरमनकडून तपासून घेतली. संध्याकाळी पुन्हा फोन, आवाज खणखणीत: "शेजारच्या घरचाही खड्डा कोरडाच निघाला. त्यांची पोरगी ऑनलाइन परीक्षा देते. उद्या तोही भरतो."