स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आणि रुग्णालयातून सुट्टी

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण रुग्णालयात दाखल होतो तो बहुधा दुसऱ्याच दुखण्यासाठी. खुब्याचे हाड मोडते, लघवीचा संसर्ग होतो, न्यूमोनिया होतो. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रिया, गोळ्या, टाके काढण्याची तारीख असे सारे तपशीलवार असते आणि स्मृतिभ्रंश जुन्या आजारांच्या रकान्यात एका शब्दापुरता उरतो. घरच्यांची गाठ मात्र त्याच्याशीच असते.

अनोळखी वॉर्ड, रात्रभर जळणारे दिवे, भूल, वेदना, बद्धकोष्ठता, लघवीची नळी यांमुळे मूळ विस्मरणावर आणखी एक भ्रम चढतो. त्याला डिलिरियम म्हणतात. तो काही दिवसांत उतरतो, कधी कित्येक आठवडे रेंगाळतो. सुट्टी बहुधा तो पूर्ण उतरण्याआधीच होते. आजार एकदम बळावला असे समजून घरचे झोपेचे औषध मागतात. गोंधळ आणि आक्रमकता शमवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांनी स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे. वॉर्डात रात्रीपुरती सुरू केलेली अशी गोळी कधी थांबवायची, हे कार्डावर लिहिलेले असावे लागते.

दांडी हे पालघर तालुक्यातले, बोईसरच्या पश्चिमेचे मच्छीमारांचे गाव. प्रस्तुत लेखकाच्या आजीला खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर मुंबईहून तेथे आणले, तेव्हा औषधांची माहिती बिलाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या काकांना मिळाली. रात्री आजीजवळ झोपणारी काकी त्या वेळी बोईसरच्या बाजारात मासळी विकत होती. घरी रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी दोन डब्यांत निघाली. पहाटे होडी लागायची वेळ झाली म्हणून आजी वॉकर बाजूला सारून किनाऱ्याकडे निघत असे. मोडलेले हाड तिला आठवत नव्हते, टोपली घेऊन जाणे आठवत होते. दार अडवल्यास ती चिडे, सोबत अंगणापर्यंत चालल्यास शांत होई. तिच्याजवळ कोण थांबणार हेही ऋतूवर ठरे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत पुरुष घरी असतात, एरवी ते समुद्रावर किंवा तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर असतात.

सुट्टीची माहिती कोणाला द्यावी, हा प्रश्न म्हणूनच मध्यवर्ती आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९८ नुसार सुट्टीपूर्वी मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाशी आणि रुग्ण ज्यांच्याकडे राहणार त्यांच्याशी विचारविनिमय करायचा असतो. ते कलम मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी आहे. अस्थिरोगाच्या वॉर्डात ही अपेक्षा डॉक्टरांच्या सौजन्यावर राहते. विमा नियामकाने २०२४ मध्ये डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तासांची मर्यादा घातली. समजावून सांगण्यासाठी किती वेळ द्यावा, याबद्दल मात्र कोणी काही ठरवलेले नाही.

प्रत्यक्ष काळजी घेणाऱ्या व्यक्तीला आदल्या दिवशीच वॉर्डात बोलावणे सोयीचे ठरते. खाटेवरून उठवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, घास गिळताना ठसका लागतो का ते पाहणे, या गोष्टी कागदावरून शिकता येत नाहीत. नळी कधी काढायची हे तेव्हाच विचारावे. रुग्ण दुखते असे सांगेलच असे नाही. कण्हणे, हात झटकणे, जेवण नाकारणे यांवरून वेदना ओळखावी लागते. ताप, लघवी कमी होणे, दिवसभराची गुंगी किंवा अचानक वाढलेला गोंधळ दिसल्यास टाके काढण्याच्या तारखेची वाट न पाहता रुग्णाला पुन्हा दाखवावे.