जीर्ण ध्वनिक्षेपकांची पेठ

मुंबईस गेलेला मनुष्य राणीचा बाग पाहतो, महालक्ष्मीचें दर्शन घेतो, चौपाटीवर घटकाभर बसतो आणि परत येतो. ग्रँट रोड स्टेशनाच्या पूर्वेकडील ज्या दोन रस्त्यांचें वर्णन आम्ही येथें करणार आहों, तेथें हौसेनें जाणारे थोडे. बहुतेक लोक कांहीं काम पडलें म्हणजेच जातात. पहिला रस्ता लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव त्यास दिलेलें होतें. पुढें त्याचें डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें नामकरण झालें, तरी दुकानदार व गिऱ्हाईक दोघांच्याही तोंडीं जुनेंच नांव आहे. दुसरा रस्ता मटन स्ट्रीट. लोक ज्यास चोरबाजार म्हणतात, त्याचा हा मुख्य भाग. एकापासून दुसऱ्यापर्यंत पायीं जाण्यास अर्धा तास पुरतो. चोरबाजारांत जुनीं यंत्रें विकलीं जातात, लॅमिंग्टन रोडवर तीं दुरुस्त होतात. माळ्यावर किंवा दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत धूळ खात पडलेल्या जुन्या ध्वनिक्षेपकांचें भवितव्य पुष्कळदां या दोन रस्त्यांच्या दरम्यान ठरतें.

ध्वनिक्षेपक म्हणजे येथें मंडपांतील कर्णा नव्हे, तर रेडिओचें किंवा ध्वनिमुद्रिकेचें गायन ऐकण्यासाठीं घरांत ठेवावयाची लाकडी पेटी, हें प्रारंभींच सांगितलेलें बरें. तिच्या पोटांत एक कागदाचा शंकु असतो. त्याच्या टोकास बारीक तारेचें वेटोळें चिकटविलेलें असून तें लोहचुंबकाच्या अरुंद फटींत अधांतरीं राहतें. वेटोळ्यांतील विजेचा प्रवाह जसजसा बदलतो, तसतसें तें मागेंपुढें हालतें. त्याबरोबर कागद हालतो, आणि कागदाबरोबर हवा. अमेरिकेंतील राइस आणि केलॉग या दोघां संशोधकांनीं १९२५ सालीं या रचनेचें जें स्वरूप प्रसिद्ध केलें, तेंच मूलतः आजतागायत चालत आलें आहे. त्यानंतर दोनच वर्षांनीं, २३ जुलै १९२७ रोजीं, मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, आणि दूरच्या गवयाचा आवाज आपल्या घरांत येऊन पोंचला.

या पेठेंत येणाऱ्या मालाच्या ढोबळ मानानें तीन पिढ्या आहेत. पहिली पिढी व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओंची. त्या काळीं बळकट व कायमचे लोहचुंबक महाग पडत. म्हणून अनेक यंत्रांत त्यांच्या जागीं तारेचें मोठें गुंडाळें घालून त्यांत वीज खेळवीत व तिच्या योगें चुंबकत्व उत्पन्न करीत. हेंच गुंडाळें रेडिओच्या विजेंतील घरघर गाळून टाकण्याचेंही काम करी. असा ध्वनिक्षेपक काढून त्याच्या जागीं नुसता आजचा बसविला, तर रेडिओ मुकाच राहतो. कारण काढलेली वस्तु एक असली तरी तिचीं कामें दोन होतीं. दुसरी पिढी लहान बंद पेट्यांची. पूर्वीं खर्जाचा स्वर हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागे. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यांनीं पेटींत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहानशा पेटींतून तो काढून दाखविला. मात्र त्यासाठीं शंकूची कड फार मऊ असावी लागते, आणि पुढें ही कड फोमची करण्याची चाल पडली. तिसरी पिढी फेराइट चुंबकांची. तोंपर्यंत ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट हे लोखंडांत मिसळून केलेला ॲल्निको नांवाचा चुंबक प्रचारांत होता. १९७८ सालीं आफ्रिकेंतील झाईर देशांत लढाई होऊन कोबाल्टाचा भाव भडकला, आणि कारखानदार स्वस्त फेराइटकडे वळले. चोरबाजारांतील पोऱ्या पेटीच्या आंत बोट दाखवून, ‘ॲल्निको आहे, साहेब,’ म्हणून भाव वाढवितो, त्याच्या मागें हें एवढें भूगोलाचें प्रकरण आहे.

आमचें तेथें जाणें घरच्या कामानिमित्त झालें. आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंनीं १९७६ सालीं एक विलायती जोडी हौसेनें घेतली होती. त्यांच्या पश्चात् ती तशीच पडून राहिली. रत्नागिरीच्या दमट हवेंत फोमची कड विरघळून तिचा डांबरासारखा चिकट भुगा झाला, आणि लावावें तें गाणें फाटक्या पत्रावळीवर पाऊस पडल्यासारखें ऐकूं येऊं लागलें. मुलांच्या अभ्यासाच्या मेजासाठीं जागा हवी होती. भंगारवाला वजनावर घेण्यास तयार होता. धाकट्या सूनबाईंचें म्हणणें, भ्रमणध्वनीवर छायाचित्रें टाकून आहे त्या स्थितींत विकावी. सर्वांचें बोलून झाल्यावर वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, विकायची असली तर विका. पण एकदां नीट वाजवून मग विका. ह्या असल्या आवाजांत ती घराबाहेर गेलेली मला बघवणार नाहीं.” यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. पेट्या घरींच ठेवून आंतील यंत्रें तेवढीं जुन्या धोतरांत गुंडाळून घेतलीं, व आम्ही मुंबईची गाडी धरली.

अशा जोडीस बाजारांत काय मोल येतें, हें पाहण्यासाठीं प्रथम चोरबाजारांत गेलों. येथील दुकानें शुक्रवारीं बंद असतात, आणि त्या दिवशीं रस्त्यावरच बाजार मांडतात. म्हणून दुकानांत निवांत पाहणी करावयाची तर शुक्रवार टाळून जावें. पितळी दिवे, बोटींवरचीं घड्याळें, जुन्या चित्रपटांच्या जाहिराती यांच्या उतरंडींत ध्वनिक्षेपक उभे, आडवे, कोठें कोठें उपडेही पडलेले असतात. घेणाऱ्यानें लाकडाच्या चकाकीस भुलूं नये. दोन्ही पेट्यांत एकाच जातीचीं यंत्रें आहेत ना, हें आधीं पाहावें. स्क्रूंच्या खांचा झिजलेल्या दिसल्या, तर आंत कोणाचा तरी हात गेला आहे असें समजावें. मग दोन्ही हातांचीं बोटें शंकूवर समोरासमोर ठेवून तो अलगद आंत दाबावा. खरखर ऐकूं आली तर वेटोळें चुंबकास घासतें आहे. आठ ओहमच्या ध्वनिक्षेपकाचा रोध मीटरवर साधारणपणें साडेपांच ते सात ओहम दिसतो. मीटर मुळींच हाललें नाहीं तर तार कोठें तरी तुटली किंवा जळली. शेवटीं दीड व्होल्टची साधी बॅटरी क्षणभर लावून पाहावी. दोन्ही शंकु एकाच दिशेस हालले पाहिजेत. एक बाहेर व दुसरा आंत जाऊं लागला, तर दोघांचा खर्ज परस्परांस खाऊन टाकतो. एका दुकानांत आम्हांस दाखविलेली जोडी बाहेरून जुळ्या बहिणींसारखी होती. परंतु जाळी काढतांच एकीच्या पोटांत भलताच शंकु निघाला. दुकानदार हंसला व त्यानें निम्मा भाव सांगितला.

विकणाऱ्यानेंही कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. वाजणाऱ्या जोडीस जें मोल येतें, तें मुक्या जोडीस येत नाहीं. आणि एकट्या पेटीस जोडीच्या निम्मेंही येत नाहीं. भावाभावांच्या वांटणींत एकेक पेटी एकेकाकडे गेल्याचीं उदाहरणें तेथील लोक सांगतात. अशा वांटणीनें दोघांचेंही नुकसान होतें.

तेथून आम्ही लॅमिंग्टन रोडवर आलों. हा रस्ता नव्या विद्युत्-सामानाचा. तारा, दिवे, संगणकाचे भाग यांच्या राशी पाहून जुन्या वस्तूंस येथें कोण विचारील असें वाटतें. परंतु मुख्य रस्ता सोडून एका इमारतीच्या बोळांत शिरल्यावर आम्हांस हवे होते ते कारागीर भेटले. वय आमच्याएवढेंच, मूळ गांव राजापूरकडील. समोर एक पाट, त्यावर चिमटे, पाती, सरसाची वाटी आणि कागदी शंकूंची चळत. त्यांनीं आमचें धोतर सोडलें, यंत्र उजेडास धरलें आणि म्हणाले, “कागद शाबूत आहे, कॉइल शाबूत आहे. कड तेवढी गेली. गुरुजी, हा मेलेला नाहीं, नुसता अनवाणी झाला आहे.”

पुढचें काम आम्ही शेजारीं बसून पाहिलें. शंकूच्या कांठावरील जुना फोम व गोंद त्यांनीं कागदास इजा न करितां खरवडून काढला. मध्यावरील टोपी धारदार पात्यानें सोडविली. आंतील वेटोळ्याच्या भोंवतालच्या फटींत पातळ फिल्मच्या पट्ट्या चोहों बाजूंनीं सारख्या खोंवल्या, म्हणजे वेटोळें बरोबर मध्यें राहतें. मग नवी कड चिकटवून रात्रभर तसेंच ठेवलें. दुसऱ्या दिवशीं पट्ट्या उपसून, सेकंदास तीस आंदोलनांचा अगदीं खालचा स्वर त्यांत सोडला. कागद निजलेल्या मुलाच्या छातीसारखा संथपणें वरखालीं होऊं लागला. खरखर मुळींच नव्हती. तेव्हां कोठें त्यांनीं टोपी पुन्हां बसविली.

फोम पुन्हां कुजणारच, मग रबराचीच कड कां घातली नाहीं, असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, “रबर घातलें असतें तर पंचवीस वर्षें बघायला नको. पण रबर जड. कागदाची चाल बदलते, आणि मग पेटी त्याला मापाची होत नाहीं.” त्यांच्या या बोलण्यास गणिताचा आधार आहे. शंकूचें वजन, त्याच्या कडेचा मऊपणा आणि पेटींतील हवेचें आकारमान यांचा मेळ कसा घालावा, याचें शास्त्र ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं मांडलें व पुढील दशकांत रिचर्ड स्मॉल यांनीं तें पूर्ण केलें. त्या कारागिरांनीं हीं नांवें ऐकलेलीं नव्हतीं. त्यांनीं तीच गोष्ट कानानें शिकून घेतली होती.

सुधारणेचा प्रश्न याहून नाजूक आहे. तार-स्वर लहान शंकूकडे व खर्ज मोठ्याकडे वांटून देण्यासाठीं पेटींत कपॅसिटर असतात. जुन्या इलेक्ट्रोलिटिक जातीचे कपॅसिटर वर्षानुवर्षें वाळून निकामी होतात. तेव्हां ते बदलणें प्राप्तच असतें. आजचे फिल्मचे कपॅसिटर पुष्कळ अधिक टिकाऊ. परंतु त्यांचा अंगचा रोध कमी असल्यामुळें लहान शंकूकडे वीज अधिक जाते, आणि तंबोऱ्याच्या तारेला नको इतकी धार येते. यावर उपाय म्हणून कारागिरांनीं नव्या कपॅसिटरबरोबर एक अल्पसा रोधक जोडला. शेजारच्या दुकानांतील तरुणानें मात्र लहान शंकुच बदलून रेशमाचा बसवा असें सुचविलें. आवाज कदाचित् सुंदर झालाही असता, परंतु तो दुसऱ्याच ध्वनिक्षेपकाचा झाला असता.

व्याकरण शिकलेल्यांस आदेश आणि आगम यांतील भेद ठाऊक असतो. आगम मूळ वर्णाच्या शेजारीं येऊन बसतो. आदेश मूळ वर्णास उठवून त्याच्या जागीं बसतो. मात्र पाणिनीनें अशी व्यवस्था करून ठेविली आहे कीं, आदेश ज्याच्या जागीं आला त्याच्याप्रमाणेंच तो सामान्यतः मानला जावा. दुरुस्तीचें मर्म याहून निराळें नाहीं. नवी कड हा आदेश, तो अल्पसा रोधक हा आगम; आणि दोहोंची परीक्षा एकच, कीं मूळच्या वस्तूचें काम तसेंच चाललें पाहिजे. तें चाललें तर जीर्णोद्धार. न चाललें तर नवें बांधकाम. नवें बांधकाम वाईट असें नव्हे, पण त्यास जुन्याचें नांव देऊं नये. याच लॅमिंग्टन रोडच्या दक्षिण टोंकाशीं, १९११ सालीं बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें उद्घाटन झालेलें रॉयल ऑपेरा हाऊस उभें आहे. अनेक वर्षें बंद राहून तें २०१६ सालीं पुन्हां उघडलें. त्याची डागडुजी करतांना जुनें रूप राखण्याचें जें धोरण ठेविलें गेलें, तेंच त्या बोळांतील पाटावर आम्हीं लहान प्रमाणांत पाहिलें.

काम संपल्यावर कारागिरांनीं एक चिठ्ठी लिहून चुंबकाच्या पाठीवर चिकटविली: काय बदललें, काय बदललें नाहीं, आणि तारीख. जुन्या पोथ्यांच्या शेवटीं लेखक पुष्पिका लिहीत, तिची आम्हांस आठवण झाली. हें काम पुढें कोण करणार, असें विचारतां ते म्हणाले, “मुलगा बँकेंत आहे. सुखांत आहे.” भेंडीबाजारांत जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभारण्याचें काम गेलीं कांहीं वर्षें चालूं आहे, या बोळांचेंही पुढें काय होईल तें होईल. परंतु बोळापेक्षां तो कान आधीं नाहींसा होईल, हीच अधिक चिंतेची गोष्ट आहे.

जोडी रत्नागिरीस वाजूं लागली. वहिनींनीं दोन संध्याकाळ ती ऐकली, आणि तिसऱ्या दिवशीं आपण होऊनच म्हणाल्या, “आतां जाऊं द्या.” चिपळूणच्या एका गायनशिक्षकांनीं ती घेतली. दुरुस्तीचा खर्च वजा जातां हातीं फारसें उरलें नाहीं. भंगारवाला देत होता त्याहून थोडें अधिक, इतकेंच. पण जोडी अभंग गेली, स्वतःच्या आवाजांत गेली आणि पाठीवर आपला इतिहास घेऊन गेली. ज्या घरांत अशी एखादी मुकी पेटी पडली असेल, त्या घरच्या मंडळींनीं ती वजनावर देण्यापूर्वीं एकदां तिची कड बोटानें चांचपून पाहावी. बहुधा तेवढीच गेलेली असते.